आबांच्या हसण्याला मनाई

महिन्याची सतरा तारीख होती, म्हणजे आबा वरच्या मजल्यावर होते, आणि वरच्या मजल्यावर आबा हसले.

खाली जेवणाच्या टेबलाशी सुहास खटावकर दोडक्याच्या शिरा काढत बसला होता. त्याचा हात थांबला. वरचं हसणं आधी घशात खरखरलं, मग चढलं, जरा दम घेऊन पुन्हा फुटलं.

"दुपारपासून तिसऱ्यांदा," सुहास म्हणाला.

"मोजताय काय?" मेधानं विचारलं.

"मोजतोय कशाला? कानावर येतं."

मेधानं त्याच्यासमोरचा कागद उचलला. भाजी चिरताना सहज काहीतरी खरडावं तसा कोपऱ्यात तीन उभ्या रेघा होत्या. आदल्या दिवसाच्या पाच होत्या. बायकोनं काही न बोलता कागद होता तिथे ठेवला. लग्नाला तीस वर्षं झाली की असे कागद न बोलता ठेवता येतात.

सुहासला नोंदी ठेवायची सवय नोकरीतून लागली होती. हरिपेठ नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात तो तीस वर्षं होता. गावातला कुठलाही माणूस त्याच्या सहीशिवाय जन्मला नव्हता आणि गेलाही नव्हता. वडील धोंडीराम खटावकर, म्हणजे आबा, कोर्टात बेलीफ होते. समन्स बजावायचं, नोटीस दाराला चिकटवायची, जप्तीला जायचं. सख्ख्या मावसभावाच्या दाराला त्यांनी घर खाली करण्याची नोटीस चिकटवली होती आणि मग त्याच दारातून आत जाऊन चहा घेतला होता. खळ ओली होती म्हणून दार हळू लावा, असंही सांगितलं होतं.

आई गेल्यावर दोघा भावांनी आबांची वाटणी केली. एक ते पंधरा तारखेपर्यंत आबा खाली सुहासकडे, सोळापासून महिनाअखेरपर्यंत वर धाकट्या अभिजितकडे. वाटणी सुहासनंच सुचवली होती. ती चुकली हे त्याला पहिल्याच जानेवारीत कळलं. एकतीस तारीख वर गेली. वर्षाचा हिशेब मांडला तर खाली एकशे ऐंशी दिवस पडत होते आणि वर एकशे पंच्याऐंशी.

पण ते पाच दिवस सुहासनं एकवेळ सोसले असते. खालच्या पंधरा दिवसांत आबा पेपर वाचायचे, "पाणी आलं का?" विचारायचे आणि झोपायचे. सोळा तारखेला जिना चढले की अर्ध्या तासात हसायचे. शिवाय अभिजितला ते 'अभ्या' म्हणत. सुहासला 'सुहास' म्हणत. अठ्ठावन्न वर्षांत एकदाही कुणी त्याचं नाव मोडलं नव्हतं. हजेरी घ्यावी तसं अख्खं नाव.

"मी अर्ज करणार आहे," सुहास म्हणाला.

"कसला?"

"अभ्याविरुद्ध. कौटुंबिक बेशिस्त वर्तनाचा."

मेधानं दोडका हातात घेतला आणि सोलायला सुरुवात केली. "आधी ही भाजी तरी होऊ द्या," ती म्हणाली.

---

तो कायदा येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याआधीही नातेवाइकांच्या बेशिस्त वर्तनाची एक व्याख्या होती: आरडाओरडा, दार आपटणं, भांडी फेकणं, अर्वाच्य शब्द. नातेवाईक मात्र यातलं काहीही न करता एकमेकांना घायाळ करत. "या, या, वाट चुकलात वाटतं," यात अर्वाच्य काय आहे? सुनेनं वाढलेल्या आमटीत सासूनं गुपचूप पाणी ओतलं, तर कुठलं कलम लागतं? न्यायाधीश वैतागत, वकील खूश होत, आणि माणसं तशीच एका ताटात जेवायला घरी जात.

मग हृदयविकाराचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना एक गंमत सापडली. परक्या माणसानं अपमान केला की हृदयाची गती सरळ चढते, घाम येतो आणि थोड्या वेळात सगळं उतरतं. घरच्या माणसानं केला की मात्र गती आधी उतरते. सेकंदाचा तिसरा हिस्सा, जास्त नाही. ओळखीचा आवाज कानावर पडला की मेंदूपासून पोटापर्यंत गेलेला एक लांब मज्जातंतू हृदयाला सांगतो, सावकाश, आपलंच माणूस आहे. शरीर दार उघडतं, आणि घाव त्या उघड्या दारातून आत येतो. आलेखावर आधी छोटा खड्डा दिसतो आणि लगेच सुळका. हा आकार ठरवून आणता येत नाही, आणि आला तर लपवताही येत नाही. बाईंनी त्याला 'ओरखडा' असं साधं नाव दिलं आणि शून्य ते दहा अशी मोजपट्टी लावली.

त्यावरून मनगटपट्टी निघाली. ती नाडी बघते, घामातले क्षार बघते, आणि ओरखडा उठला त्या क्षणी पन्नास पावलांच्या आत कोणाचा कसला आवाज झाला याची नोंद ठेवते. कायद्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि व्याख्या बदलली. ज्या वर्तनानं नातेवाइकाला चारच्या वर ओरखडा उठतो ते वर्तन बेशिस्त. हेतू काय होता, हे विचारायचं नाही. ओरखडा का उठला, हेही विचारायचं नाही. न्यायालयाचा निम्मा वेळ वाचला.

सुहासच्या कामाचं कलम पुढे होतं. सामाईक ज्येष्ठ नातेवाईक असेल आणि एका बाजूचं वर्तन बेशिस्त ठरलं, तर तो ज्येष्ठ दुसऱ्या बाजूकडे कायमचा राहील. एक ते एकतीस.

---

चौदा दिवस दोघा भावांनी पट्ट्या बांधल्या. अभिजितचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. माणूस गोष्टीवेल्हाळ, नकला करणारा. जिन्यात भेटला की मनगट पुढे करून म्हणायचा, "काय दादा, किती झाले? माझं अजून खातंच उघडलं नाही."

सुहास गालात हसायचा. बोल, बोल. प्रत्येक वाक्य नोंदलं जातंय.

न्यायाधीश श्रीमती बागवान यांनी अहवाल उघडला तेव्हा सुहास पहिल्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. शेजारी आबा. कोर्टात शिरताच आबांनी सवयीनं नोटीस-बोर्ड वाचला होता आणि एक नोटीस वाकडी लागली होती ती सरळ केली होती.

"अर्जदारास चौदा दिवसांत एकूण एकेचाळीस ओरखडे," बागवानबाई वाचू लागल्या. "चारच्या वर अडतीस."

सुहासनं मेधाकडे बघितलं. बघ.

"गैरअर्जदार अभिजित यांची जिन्यातली टोमणेवजा वाक्यं बावीस. त्यांतून उठलेले ओरखडे..." बाईंनी चष्मा सारखा केला. "शून्य पूर्णांक तीन. शून्य पूर्णांक दोन. एके ठिकाणी अर्जदाराची नाडी उलट शांत झालेली दिसते."

"मॅडम, पट्टी तपासून घ्या," सुहास म्हणाला.

"तपासली आहे. चारच्या वरचे सगळे अडतीस ओरखडे एकाच आवाजाचे आहेत. धोंडीराम बाळा खटावकर, वय शहाऐंशी. वर्तनाचा प्रकार, हसणे."

कोर्टात कुणीतरी खोकलं. अभिजित छताकडे बघू लागला.

"कायद्याच्या व्याख्येनुसार," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून ती व्याख्या त्यांनी लिहिलेली नव्हती हे कळत होतं, "अभिजित यांचं वर्तन बेशिस्त ठरत नाही. ज्येष्ठांची व्यवस्था आहे तशीच राहील. धोंडीराम खटावकर यांना मात्र अर्जदारापासून पन्नास पावलांच्या आत हसण्यास सहा महिने मनाई करण्यात येत आहे. आजोबा, समजलं का?"

आबा उठून उभे राहिले. "मान्य आहे साहेब." जरा थांबून म्हणाले, "स्मित चालेल?"

"त्याला आवाज नसतो. चालेल."

"नक्कल कधी मिळेल?"

घरी जाताना रिक्षात आबा आदेशाची प्रत मांडीवर ठेवून वाचत होते. सही-शिक्का बघून त्यांनी मान डोलावली. काम स्वच्छ होतं.

---

आबांनी तेहतीस वर्षं लोकांना आदेश पाळायला लावले होते. आता त्यांनी स्वतः पाळला. वरचा मजला खालच्यापासून पंधराएक पावलं होता, तेव्हा वरही हसू बंद झालं. टीव्हीवर काही गमतीचं लागलं की आबा रिमोट शोधत. हसू अगदीच आवरलं नाही तर ओठ मिटून गदगदत, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मग हात जोडून सुहासला म्हणायचे, "आवाज नाही झाला ना?"

पहिल्या आठवड्यात सुहासला शांत झोप लागली. दुसऱ्या आठवड्यात, सोळा तारीख उलटल्यावर, संध्याकाळी पाच वाजता अभिजितनं स्कूटर काढली. आबा मफलर गुंडाळून मागे बसले. तासाभरानं परत आले तेव्हा आबांचा चेहरा न्हाल्यासारखा दिसत होता.

"कुठं जातात रोज?" सुहासनं विचारलं.

"कालव्याच्या कट्ट्यावर," मेधा म्हणाली. "पन्नास पावलांच्या बाहेर."

"करतात काय तिथं?"

"हसतात."

दुसऱ्या दिवशी सुहास गच्चीवर गेला. पक्षी बघायची दुर्बीण त्यानं सेवानिवृत्तीच्या वेळी घेतली होती. पक्षी अजून एकही बघितला नव्हता. कट्टा स्पष्ट दिसत होता. आबा बसले होते, खांदे गदागदा हलत होते. समोर अभिजित चालून दाखवत होता. मान ताठ, खांदे वर, एका कानावर पेन, हातात नसलेली वही. मध्येच थांबून नसलेल्या वहीत काहीतरी टिपत होता.

सुहासनं दुर्बीण खाली केली. मग स्वतःच्या कानावरचं पेन काढलं.

खाली येऊन त्यानं पेन टेबलावर ठेवलं. मग एकदम म्हणाला, "नक्कल माझी करतो तो! चाल माझी, पेन माझं, आणि आबा कुणावर खूश? त्याच्यावर!"

मेधानं त्याच्या मनगटाकडे बघितलं. मनाई चालू असेपर्यंत पट्टी काढायची नव्हती. नऊचा आकडा दिसत होता. पन्नास पावलंच काय, चारशे पावलांवरून, एकही आवाज कानावर न पडता.

"अहो, तुम्हाला त्यांचं हसणं खुपत नाही," ती म्हणाली.

"मग काय खुपतं?"

"ते कुणामुळं हसतात ते खुपतं. तुम्ही कधी हसवलंय का त्यांना?"

सुहास आठवायला लागला. अजून आठवतच होता तेवढ्यात वरून अभिजित आला. उंबऱ्यातच उभा राहिला, नेहमीसारखा आत आला नाही.

"दादा, मी स्टेशनरोडला जागा बघितली. एक तारखेला जातोय. आबांनाही नेतो."

"एक तारखेला आबा माझ्याकडं असतात."

"इथं त्यांना हसायला स्कूटरवरनं जावं लागतंय, दादा. माणूस शहाऐंशी वर्षांचा आहे. कोर्टाला विचारून आलोय. हसण्याला मनाई असलेल्या घरातून ज्येष्ठाला हलवता येतं, तसं कलम आहे." तो जिन्याकडे वळला आणि पुन्हा मागे फिरला. त्याच्या आवाजात नक्कल नव्हती. "तुला एकतीस दिवस पाहिजे होते ना? आता एकही मिळणार नाही."

---

मनाई उठवायला एकच वाट होती. अर्जदारानं स्वतः अर्ज करायचा आणि भर न्यायालयात, पट्टी बांधून, ते हसणं ऐकायचं. ओरखडा दोनच्या आत राहिला तर मनाई रद्द. वर गेला तर मनाई कायम, आणि आबा स्टेशनरोडला. अर्ज केला की चाचणी होईपर्यंत मात्र ज्येष्ठाला हलवता येत नव्हतं.

सुहासनं सराव सुरू केला. आबांच्या हसण्याचं जुनं रेकॉर्डिंग नातीच्या बारशाच्या व्हिडिओत सापडलं. रोज सकाळी मटार सोलताना तो ते लावायचा. मेधा आकडा सांगायची.

"नऊ."

"पुन्हा लावतो."

"आठ. नाही, नऊच."

"आता?"

"आता व्हिडिओत अभीभाऊजी दिसले. साडेनऊ."

मग त्यानं दुसरी बाजू धरली. आबा खाली होते तेव्हा एका दुपारी तो त्यांच्या खुर्चीसमोर बसला आणि म्हणाला, "आबा, एकदा काय झालं, एक माणूस मृत्यूचा दाखला मागायला आला."

आबांनी पेपर खाली केला. "विनोद आहे काय हा?"

"हो."

"मग आधी सांगायचं. चप्पल घालतो, रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहतो. तू इथनं मोठ्यानं सांग."

ते खरोखर उठले. रस्त्यापलीकडे पानपट्टीशी जाऊन पावलं मोजून उभे राहिले. सुहासनं फाटकातून ओरडून तो विनोद सांगितला. मध्ये दोन ट्रक गेले. आबांनी शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि परत आले.

"दाखला दिला का मग त्याला?" त्यांनी विचारलं.

---

चाचणी सोळा तारखेला होती. नियमाप्रमाणे दोघा भावांना आणि आबांना पट्ट्या बांधल्या. आकडे भिंतीवरच्या पडद्यावर ओळीनं दिसत होते. सुहास, अभिजित, धोंडीराम.

"अभिजित, तुम्ही आजोबांना हसवा," बागवानबाई म्हणाल्या. "अकरा चाळीस झालेत. सुरू करा."

अभिजित उभा राहिला. कानावर पेन ठेवलं. मान ताठ केली. दोन पावलं टाकली. कोर्टातला शिपाईसुद्धा फिस्सकन हसला. सुहासचा आकडा तेवढ्यावरच तीनला गेला.

आबांचा चेहरा दगडासारखा.

"आजोबा, हसा ना," बाई म्हणाल्या.

"मनाई आहे साहेब."

"चाचणीपुरती नाही."

"तसं आदेशात लिहिलेलं नाही."

बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. "ठीक. मनाईला अकरा चाळीसपासून दोन मिनिटांची स्थगिती. हसा."

"लेखी मिळेल का?" आबा अदबीनं म्हणाले. "तोंडी आदेशावर मी तेहतीस वर्षांत कुणाची खुर्चीसुद्धा उचलली नाही."

बाईंनी कारकुनाकडे बघितलं. कारकून टंकायला गेला. मग छापायला गेला. छापखोलीतला कागद संपला होता. मग शिक्का. शिक्क्याचा माणूस चहाला गेला होता. कानावर पेन ठेवून अभिजित उभाच होता. त्याचे खांदे हळूहळू उतरले. सुहास पडद्याकडे बघत होता. तीन. साडेतीन. मनाई कायम. स्टेशनरोड. आबांची रिकामी खुर्ची. पेपर घेतलेला आणि कुणी न उघडलेला.

शेवटी प्रत आली. आबांनी वाचली, शिक्का बघितला, उलटून मागची बाजू बघितली. "आता हरकत नाही," म्हणाले.

अभिजितनं पुन्हा मान ताठ केली.

"मॅडम," सुहास उभा राहिला.

हे त्याला करायचं नव्हतं. ते झालं. प्रत आबांच्या हातात त्याच्याच दिशेनं धरलेली होती, आणि कागद दिसला की तारीख-वेळ बघायची, ही तीस वर्षांची खोड.

"मॅडम, ही स्थगिती अकरा चाळीसपासून दोन मिनिटांची आहे. आता बारा वाजून तीन मिनिटं झालीत. म्हणजे ही एकवीस मिनिटांपूर्वीच संपली. आता ते हसले तर आदेशाचा भंग होईल."

मेधानं पदर तोंडाला लावला. अभिजित तोंड उघडं ठेवून भावाकडे बघत राहिला. स्वतःच्याच अर्जाला अर्जदारानं हरकत घेतलेली बागवानबाईंनी त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा पाहिली होती.

आबांनी प्रत वाचली. घड्याळ बघितलं. पुन्हा प्रत वाचली. मग मान वर करून थोरल्या मुलाकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, जसं खूप दिवस हरवलेला आपलाच माणूस गर्दीत दिसावा तसं.

आधी घशात खरखर झाली. मग ती चढली. आबांनी तोंडावर हात धरला, हात उडाला.

"अरे सुहाश्या!" आबा हसत म्हणाले. "गाढवा! स्वतःचाच अर्ज रे! माझाच आहेस, शंभर टक्के माझाच! सुहाश्या!"

ते बाकावर आडवे व्हायचे बाकी होते. कुणीतरी त्याचं नाव मोडलं होतं. त्यानं पडद्याकडे बघितलं. सुहास, शून्य. पूर्णांकाच्या पुढेही शून्य.

त्याच्या खालची रेघ मात्र भिंत सोडून जाते की काय अशी चढत होती. आधी छोटा खड्डा, मग सुळका. अभिजित, नऊ पूर्णांक आठ.

बागवानबाईंनी दोन्ही आकडे बघितले आणि चष्मा काढून पुसला. "मूळ मनाई अकरा चाळीसपासूनच रद्द," त्या म्हणाल्या. "म्हणजे भंगाचा प्रश्न येत नाही. आजोबा, झालं समाधान?"

"याचीही नक्कल लागेल साहेब," आबा डोळे पुसत म्हणाले, आणि सुहासकडे बघून पुन्हा फुटले.

बाहेर पायरीवर आबा शिक्क्याची वाट बघत बसले. मधूनच आठवण येऊन हसत होते. अभिजित थोड्या अंतरावर स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. स्टेशनरोडचं नाव त्यानं काढलं नाही.

"आज सोळा," तो म्हणाला. "आबा आजपासून माझ्याकडं."

"ने की," सुहास म्हणाला. इतक्या प्रेमानं तो धाकट्याशी कधीच बोलला नव्हता. "एकतीस तारखेपर्यंत ठेव. माझं काही म्हणणं नाही."

अभिजितनं मनगटावरची पट्टी उलटी-पालटी करून बघितली. पायरीवर आबा स्वतःशीच म्हणाले, "सुहाश्या," आणि गदगदले. पट्टीनं बारीक आवाज केला.

"दादा," अभिजितनं नजर चुकवत विचारलं, "तो फॉर्म कुठं मिळतो रे?"

"तिसरी खिडकी," सुहास म्हणाला, आणि कानावरचं पेन काढून त्याच्या हातात दिलं. "दोन प्रतींत भर. वेळ लिहायला विसरू नकोस."